मनगटाला न कळणारा ठोका

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर ही दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवली, तर पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती जुळी वाटतात. दोघांचीही मूठ पिस्तुलासारखी, तर्जनीखाली बटण, मुठीच्या तळाशी तीच काळी बॅटरी. जरा निरखून पाहिले की फरक दिसू लागतो. एकाच्या तोंडाशी बिट, म्हणजे पुढचे फिरणारे टोक, पकडणारा तीन जबड्यांचा चक असतो आणि त्याच्या मागे आकडे कोरलेले कडे. दुसऱ्याचे नाक आखूड. त्याला चक नसतोच. ओढायची एक छोटी बांगडी असते आणि तिच्या आत षटकोनी भोक. पहिले कॉर्डलेस ड्रिल, दुसरे इम्पॅक्ट ड्रायव्हर.

पडद्याचा रॉड लावायचा आहे, कपाटाचे दार लोंबते आहे, पलंग सोडवून नव्या घरी न्यायचा आहे. अशा किरकोळ कामांसाठी यांतले कोणते घ्यावे असे लोक विचारतात, आणि बहुतेक वेळा खोक्यावरचा मोठा आकडा पाहून घेऊन टाकतात. या दोन यंत्रांच्या पोटात काय चालते ते एकदा कळले, की निवडीचा अर्धा प्रश्न सुटतो. शिवाय त्यांतल्या एकाच्या पोटातली रचना इतकी विलक्षण आहे, की ती समजून घेण्यातच मोठा आनंद आहे.

आधी ड्रिल घेऊ, कारण ते सरळ स्वभावाचे आहे. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. तिच्यापुढे दातेरी चक्रांचा संच असतो. मधल्या चक्राभोवती छोटी चक्रे सूर्याभोवतीच्या ग्रहांसारखी फिरतात आणि वेग कमी करून त्या बदल्यात पीळ वाढवतात. यंत्राच्या माथ्यावर 1 आणि 2 असा खटका असतो. 1 वर चक मिनिटाला साधारण 400 फेरे घेतो, 2 वर 1500 च्या आसपास. स्क्रूसाठी 1, भोकासाठी 2, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

पीळ न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला साधारण 100 ग्रॅम वजन टांगले, तर दुसऱ्या टोकाला बसणारा पीळ म्हणजे 1 न्यूटन-मीटर. 12 व्होल्टच्या छोट्या ड्रिलचा कमाल पीळ 30 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आकडा लहान वाटतो, पण हिशोब करून पाहा. हाताची पकड चकच्या रेषेपासून 15 सेंटिमीटर खाली धरली, तर 30 न्यूटन-मीटर म्हणजे मुठीवर जवळजवळ 20 किलोचा रेटा. यंत्र बिटला जितक्या जोराने एका दिशेला फिरवते, तितक्याच जोराने बिट यंत्राला उलट्या दिशेला फिरवू पाहते, आणि यंत्र आपल्या हातात असते. सागवानी चौकटीत 10 मिलिमीटरचे भोक पाडताना बिट पलीकडे निघण्याच्या क्षणी लाकडात अडकली आणि यंत्राची मूठ माझ्या अंगठ्यासकट गर्रकन उलटी फिरली. मनगट आठवडाभर दुखत होते. तेव्हापासून मोठे भोक पाडताना मी दुसरा हात यंत्राच्या पाठीवर ठेवतो आणि बिट पलीकडे निघत आली की बटणावरचा दाब हलका करतो.

ड्रिलच्या नाकावरच्या आकड्यांच्या कड्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, आणि मला तर तोच त्या यंत्राचा सर्वांत शहाणा भाग वाटतो. ते क्लचचे कडे आहे. 5 वर ठेवले, की त्या आकड्याने ठरवलेल्या पिळापाशी आतले दाते घसरतात, कर्रर्र आवाज होतो आणि मोटर फिरत असूनही स्क्रू जागच्या जागी थांबतो. प्लायवुडच्या कपाटात किंवा दाबलेल्या भुशाच्या पाट्यांच्या फर्निचरमध्ये स्क्रू अर्धा फेरा जास्त फिरला, तर भोकातले आटे निघून जातात आणि तो स्क्रू पुन्हा कधी पकड घेत नाही. म्हणून लहान आकड्यापासून सुरुवात करावी आणि स्क्रूचे डोके पृष्ठभागाशी सपाट बसेपर्यंत एकेक आकडा वाढवत जावे. कड्यावर बिटचे चित्र असते, तिथे क्लच बंद होतो आणि सगळा पीळ चकला मिळतो. ती जागा भोकांसाठी.

आता दुसरे यंत्र.

खुंटा जमिनीत नुसत्या अंगाच्या भाराने दाबायला गेलो, तर घाम निघतो आणि खुंटा तसूभरही हलत नाही. तोच खुंटा घणाच्या चार ठोक्यांत आत जातो. इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रूला असेच ठोकतो. मात्र हे ठोके स्क्रूच्या डोक्यावर पडत नाहीत, ते फिरण्याच्या दिशेने बसतात. त्याच्या पोटात एक जाड पोलादी चकती असते, हा हातोडा. तिच्या तोंडावर दोन दात. समोर ऐरण, म्हणजे ज्या तुकड्यात बिट बसते तो. त्याला दोन कान. हातोडा ज्या दांड्यावर बसतो त्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कोरलेली असते, खाचेत पोलादी गोळ्या असतात आणि हातोड्याच्या मागे दणकट स्प्रिंग. स्क्रू सैल आहे तोवर हातोड्याचे दात ऐरणीच्या कानांना ढकलत राहतात आणि सगळे मिळून एकत्र फिरते. आवाजही साध्या ड्रिलसारखाच येतो. स्क्रू घट्ट होऊ लागला की ऐरण अडते. दांडा मात्र फिरतच असतो. मग गोळ्या खाचेतून सरकतात, हातोडा मागे खेचला जातो, स्प्रिंग दबते आणि एका क्षणी हातोड्याचे दात ऐरणीच्या कानांवरून सुटतात. दबलेली स्प्रिंग त्याला पुढे फेकते, तो अर्धा फेरा मोकळा फिरून वेग घेतो आणि त्या वेगासकट कानांवर आदळतो. पुन्हा अडतो, पुन्हा मागे जातो, पुन्हा सुटतो. हे मिनिटाला 3000 पेक्षा जास्त वेळा घडते, म्हणजे सेकंदाला 50 च्या वर ठोके. बाहेर ऐकू येतो तो सलग ‘टर्रर्र’ असा कर्कश आवाज.

आता मुठीकडे परत या. अशा छोट्या यंत्राचा कमाल पीळ 100 न्यूटन-मीटरच्या घरात असतो. मघाचाच हिशोब लावला तर 15 सेंटिमीटरवर हा 67 किलोचा रेटा झाला. मुठीला एक मोठा माणूस लोंबकळावा इतका. प्रत्यक्षात मनगटाला बारीक थरथर जाणवते, बाकी काही नाही. कारण ठोक्याचा जोर हातातून येतच नाही. तो हातोड्याने अर्ध्या फेऱ्यात कमावलेल्या वेगातून येतो आणि आदळताच ऐरणीत संपतो. हाताला सोसावा लागतो तो फक्त स्प्रिंग दाबण्यापुरता हलका, सलग पीळ. एखादा गंजका बोल्ट पाना लावून दोन्ही हातांनी सुटत नाही आणि हे किलोभराचे यंत्र एका हाताने सोडवते, ते यामुळे. पण म्हणूनच ड्रिलचे 30 आणि ड्रायव्हरचे 100 हे आकडे शेजारी मांडून एक यंत्र दुसऱ्याच्या तिप्पट ताकदीचे आहे असे म्हणणे चूक. एक सलग पीळ आहे, दुसरा क्षणभराच्या ठोक्याचा.

या ठोक्याचा खरा कस लागतो तो पाय टेकायला जागाच नसते तिथे. अंतराळात तरंगणाऱ्या माणसाने साधे ड्रिल बोल्टला लावले, तर बोल्ट जागेवर राहील आणि माणूसच फिरू लागेल. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी मोहिमांसाठी मार्टिन मॅरिएटा कंपनीने ब्लॅक अँड डेकरकडे काम सोपवले: बोल्ट फिरेल, पण अंतराळवीर फिरणार नाही असे बॅटरीवरचे हत्यार बनवा. तत्त्व हेच, पीळ आतल्या ठोक्यांतून द्यायचा. 16 मार्च 1966 ला जेमिनी 8 निघाले, तेव्हा हे हत्यार यानावर होते आणि डेव्हिड स्कॉट बाहेर जाऊन ते वापरून पाहणार होते. त्याआधीच यानाचा एक छोटा रॉकेट-झोत अडकून सुरूच राहिला आणि यान स्वतःच जवळजवळ सेकंदाला एक फेरा या वेगाने गरगरू लागले. नील आर्मस्ट्राँग यांनी ते कसेबसे सावरले आणि मोहीम आवरती घेऊन दोघे त्याच दिवशी परतले. सप्टेंबरमध्ये जेमिनी 11 वर रिचर्ड गॉर्डन बाहेर पडले. ते इतके थकले की त्यांनाही लवकर आत यावे लागले. हत्यार तेव्हाही न वापरताच राहिले.

स्कॉट यांच्या हातात ड्रिल आले ते पाच वर्षांनी, चंद्रावर. 1971 मध्ये अपोलो 15 बरोबर चांदी-जस्त बॅटरीवर चालणारे, फिरता फिरता ठोकणारे ड्रिल होते. त्याचे पॉवर युनिटही ब्लॅक अँड डेकरचेच. जमिनीतली उष्णता मोजण्यासाठी 3 मीटर खोल भोके पाडायची होती. पहिले भोक जवळपास निम्म्या खोलीवर अडले, दुसरे त्याहून आधी. कारण अगदी घरगुती होते. बिटच्या नळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि जोडापाशी त्यांच्या अंगावरची मळसूत्री खाच तुटत होती. भुकटीला वर यायला वाट राहिली नाही, ती जोडापाशी कोंबली गेली आणि नळी जाम झाली. मातीचा उभा नमुना घेणारी सुमारे 2.4 मीटरची नळी उपसून काढायला स्कॉट आणि जेम्स आयर्विन या दोघांना सगळी ताकद लावावी लागली. पुढच्या मोहिमेसाठी हा जोड बदलण्यात आला. भिंतीत भोक पाडताना बिट दर दोन-तीन सेकंदांनी फिरती ठेवूनच मागे घ्यावी आणि भुकटी बाहेर काढावी, हे ज्याला पटत नसेल त्याने चंद्रावरचे हे भोक आठवावे.

कॉर्डलेस ड्रिल नासाने शोधले, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही. ब्लॅक अँड डेकरचे निकेल-कॅडमियम बॅटरीचे पहिले कॉर्डलेस ड्रिल 1961 चे, म्हणजे जेमिनीच्याही आधीचे. विजेच्या ड्रिलची वंशावळ त्याहून जुनी आहे. 1889 मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आर्थर जेम्स आर्नॉट यांनी विलियम ब्रेन यांच्यासह पहिले पेटंट घेतले, 1895 मध्ये जर्मनीत विल्हेल्म फाइन यांनी हातात धरायचे ड्रिल केले, आणि पिस्तुलाची मूठ व बोटाखालचे बटण ही आज सर्वत्र दिसणारी घडण बाल्टिमोरच्या डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांची. तिचे पेटंट 1917 चे. तीन जबड्यांचा चक आर्थर जेकब्स यांनी 1902 मध्ये केला.

आपल्याकडे भोक पाडण्याची विद्या याहून किती जुनी आहे, हे मात्र विसरू नये. बलुचिस्तानातील मेहरगढला सात हजार वर्षांहून जुन्या माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोके सापडली आहेत. हडप्पा संस्कृतीतले कारागीर अकीकाच्या लांब मण्यांना आरपार भोक पाडत. खास दगडी टोके लावूनही ते ताशी सुमारे अडीच मिलिमीटर सरके, असे प्रयोगांतून दिसले आहे. सुताराचे गिरमिट त्याच कुळातले. गिरमिटात मनगट हीच मोटर आणि मनगट हाच क्लच होता.

आता दुकानात होणाऱ्या एका मोठ्या गोंधळाबद्दल, कारण त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात. आपल्या बाजारात ‘इम्पॅक्ट ड्रिल’ म्हणून जे मिळते, ते इम्पॅक्ट ड्रायव्हर नव्हे. ते हॅमरची सोय असलेले ड्रिल असते. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि बिट फिरता फिरता पुढे-मागे हादरते. ठोका बिटच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे भिंतीत, बसतो. ड्रायव्हरचा ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो, आणि भिंत फोडायला तो काहीच कामाचा नाही. नावात ‘इम्पॅक्ट’ दोघांच्याही आहे. खरेदी करताना कड्यावर हातोडीचे चित्र आहे का, ते बोट ठेवून पाहावे. ते असेल तर यंत्र विटेत भोक पाडेल.

भारतातल्या घरासाठी हा मुद्दा निर्णायक आहे. अमेरिकेत घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची असतात. तिथल्या लोकांनी लिहिलेले सल्ले त्या भिंतींसाठी आहेत. तिथे इम्पॅक्ट ड्रायव्हरला पहिला मान मिळतो तो त्यामुळे. आपल्या भिंतीला गिलावा आहे आणि गिलाव्याखाली काय आहे ते भुकटीच सांगते. भोकातून लाल भुकटी आली तर वीट. 12 व्होल्टचे हॅमर-ड्रिल 6 किंवा 8 मिलिमीटरचे भोक तिथे सहज पाडते. पांढुरकी, पिठासारखी हलकी भुकटी आली तर नव्या इमारतींत वापरतात तो एएसी ब्लॉक. तिथे हॅमर बंदच ठेवावा, नाहीतर भोक भसकन मोठे होते आणि स्क्रूला पकड देणारा प्लग आत नुसता फिरतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा लागतो. तो फार कठीण नसतो, पण त्याला अंगचीच छिद्रे असतात, म्हणून जरा लांब प्लग वापरावा. आणि बारीक करडी भुकटी थोडीशी येऊन बिट पुढे सरकेनाशी झाली, तर तो कॉलम किंवा बीम, म्हणजे आरसीसी. तिथे छोट्या ड्रिलवर जोर काढू नये. बिटचे टोक तापून निळे पडते आणि मोटर जळते. त्याला रोटरी हॅमर लागतो, ज्यात हवेच्या दाबाने ढकललेला दट्ट्या ठोके देतो. वर्षातून दोनदा लागणाऱ्या त्या कामासाठी तो भाड्याने आणावा किंवा कारागीर बोलवावा. विकत घेऊन माळ्यावर ठेवण्यात अर्थ नाही.

प्लगचा उल्लेख आलाच आहे, तर त्याचीही हकिगत सांगतो. आपले कारागीर अजून ‘रावल प्लग’ म्हणतात. तो शब्द जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराच्या आडनावावरून आला आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणे भिंतीला इजा न करता बसवायची होती, तेव्हा 1911 च्या सुमारास त्यांनी ताग आणि जनावराचे रक्त यांपासून तंतूंचा प्लग केला. तोवर भिंत कोरून लाकडी गिट्टी ठोकण्याची रीत होती. नायलॉनचा पसरणारा प्लग जर्मनीतील आर्टुर फिशर यांनी 1958 मध्ये आणला. प्लग आणि बिटचा आकडा एकच हवा, 8 च्या प्लगला 8 ची बिट. आणि बिटवर प्लगच्या लांबीपेक्षा थोडे पुढे रंगीत चिकटपट्टीचा वेढा द्यावा, म्हणजे खोलीचा अंदाज चुकत नाही.

बॅटरीवरचे आकडे वाचायला शिकलो, तर निम्मी फसवणूक टळते. लिथियम-आयन घटाचा नाममात्र दाब 3.6 व्होल्ट. सर्वांत जास्त वापरला जाणारा घट 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असतो. त्याचे 18650 हे नाव त्या मापांवरूनच पडले आहे. असे तीन घट ओळीने जोडले की 10.8 व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर ते 12 च्या वर जातात, म्हणून त्या वर्गाला 12 व्होल्ट म्हणतात. पाच जोडले की 18, आणि भरल्यावर 20 च्या वर. म्हणजे एका खोक्यावरचे ‘18 व्होल्ट’ आणि दुसऱ्यावरचे ‘20 व्होल्ट मॅक्स’ यांत फरक नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या काही स्वस्त यंत्रांवर 48 किंवा 98 या आकड्यांपुढे ‘व्हीएफ’ अशी अक्षरे छापलेली असतात. 48 व्होल्टसाठी अशा 13 घटांची ओळ लागेल. ती मुठीखालच्या त्या डबीत मावणारच नाही. असा आकडा दिसला की ते यंत्र परत ठेवावे. बॅटरीत एकूण ऊर्जा किती, हे पाहायचे तर व्होल्टला अँपिअर-तासाने गुणावे: 10.8 व्होल्ट आणि 2 अँपिअर-तास म्हणजे 21.6 वॅट-तास. घरगुती कामाला एवढी भरपूर होते. मात्र बॅटऱ्या दोन हव्यात, एक वापरात आणि एक चार्जरवर.

इथवर यायला बराच काळ लागला. जपानमधील मकिता कंपनीचे निकेल-कॅडमियम बॅटरीचे 7.2 व्होल्टचे ड्रिल 1978 चे. सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली 1991 मध्ये, पण ती हत्यारांत यायला 2005 उजाडले. त्या वर्षी मकिताचा 14.4 व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि मिलवॉकीची 28 व्होल्टची हत्यारे आली. या बॅटरीच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी महिनाभर पडून राहिली की उतरायची. लिथियमची बॅटरी सहा महिन्यांनी कपाटातून काढली तरी काम करते. वर्षातून पाच-सहा वेळाच ड्रिल लागणाऱ्या घराला याहून मोठी सोय नाही. तिला उष्णता तेवढी सोसत नाही. मे महिन्यात बंद गाडीत ती ठेवू नये, आणि बराच काळ ठेवायची असेल तर अर्धी भरलेली ठेवावी.

मोटर ब्रशलेस घ्यावी का? साध्या मोटरीत कार्बनचे दोन तुकडे घासत वीज पोचवतात आणि झिजतात. ब्रशलेसमध्ये ते काम इलेक्ट्रॉनिक्स करते, यंत्र आखूड होते, बॅटरी जास्त पुरते. दिवसभर काम करणाऱ्या सुताराने ती जरूर घ्यावी. घरापुरते काम असेल, तर तेच पैसे चांगल्या बिटांवर घालवावेत.

बिटांची उपेक्षा फार होते. आपल्याकडे ज्याला ‘स्टार’ म्हणतात तो अधिक चिन्हाचा स्क्रू हेन्री फिलिप्स यांनी 1930 च्या दशकात रुजवला. 1936 मध्ये कॅडिलॅक गाड्यांच्या कारखान्यात तो वापरात आला. त्याच्या खाचेच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून पीळ वाढला की बिट आपसूक वर सरकते आणि खाच खरवडते. यावर उपाय एकच, अंगाचा भार बिटच्या सरळ रेषेत द्यावा आणि माप अचूक घ्यावे. घरातल्या बहुतेक स्क्रूंना 2 नंबर लागतो, बारीक बिजागऱ्यांना 1. कपाटाच्या आयात केलेल्या बिजागऱ्यांच्या स्क्रूवर अधिकच्या चार भुजांमध्ये आणखी चार बारीक रेघा दिसल्या, तर तो पोझिड्रिव्ह. त्याला त्याच नावाची बिट लागते. फिलिप्सची लावली तर ती डळमळते. एकदा खिडकीशी उजेडात धरून पाहिले की या रेघा कायमच्या लक्षात राहतात. ड्रायव्हरसाठी बिट ‘इम्पॅक्ट’ लिहिलेलीच घ्यावी. साधी बिट सेकंदाला पन्नास ठोके फार दिवस सोसत नाही, टोक तुटते.

परदेशातून नातेवाईक येताना हत्यार आणतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. अमेरिकेतला चार्जर बहुधा 120 व्होल्टचाच असतो. आपल्या 230 व्होल्टवर लावला की जळतो. चार्जरवर 100 ते 240 असे छापले असेल तरच तो चालेल, नाहीतर नुसते यंत्र आणावे आणि त्याच कंपनीचा चार्जर इथे घ्यावा. आणि सुटी लिथियम बॅटरी विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. 12 व्होल्टची छोटी बॅटरी 100 वॅट-तासांच्या मर्यादेच्या बरीच आत असते.

आता निवड. एकच घ्यायचे असेल, तर 12 व्होल्टचे, 10 मिलिमीटर चकचे, हातोडीचे चित्र असलेले कॉर्डलेस ड्रिल घ्यावे. ते भोक पाडते, क्लच लावून नाजूक स्क्रूही बसवते, आणि बॅटरीसकट साधारण किलो-सव्वा किलोचे असल्याने शिडीवर हात वर करून धरता येते. फर्निचर सोडवायचे-जोडायचे काम वारंवार पडत असेल, गच्चीवर लोखंडी चौकटींचे बोल्ट असतील, लांब स्क्रूंनी लाकूड जोडायचे असेल, तर त्याच कंपनीचा आणि त्याच बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर नुसता, बॅटरीशिवाय, मागाहून घ्यावा. ड्रायव्हरला क्लच नसतो, म्हणून प्लायवुडच्या कपाटाला तो लावूच नये. 18 व्होल्ट मोठ्या कामाला चांगले. पण वजन दीडपट होते आणि खणाच्या आत, बिजागरीपाशी, यंत्र वळवायला जागा राहत नाही. घेण्याआधी बॅटरी लावून यंत्र हातात धरावे, हात डोक्यावर नेऊन अर्धा मिनिट थांबावे. तेवढ्यात बरेच कळते.

चष्मा घालावा, ड्रायव्हर चालवताना कानात बोळे घालावेत. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, भिंतीतली वायर बहुधा तिथूनच उभी गेलेली असते. अगदी नाइलाज असेल, तर आधी घराचा मेन स्विच बंद करावा. वायरचे ड्रिल असताना हे शक्य नव्हते, वीज बंद केली की ड्रिलही बंद. बॅटरीचे ड्रिल मेन स्विच बंद असतानाही चालते.